आधी टेबलं, मग सहायक

आज ग्रंथालयाच्या अ‍ॅपची टेबलं (डेटाबेसमधले नोंदींचे तक्ते) पक्की झाली: पुस्तकं, प्रती, सभासद आणि देवघेव. स्क्रीन कशा दिसाव्यात, बटणं कुठे असावीत, यातलं कोड लिहून देणाऱ्या एआय सहायकाला अजून काहीही सांगितलेलं नाही, आणि ते मुद्दाम. नुसतं 'ग्रंथालयाचं अ‍ॅप बनव' म्हटलं की तो थोड्या वेळात चालतं-बोलतं काहीतरी हातात ठेवतो. पण त्यात बहुतेक वेळा पुस्तक आणि त्याची प्रत एकाच टेबलात कोंबलेली असते. एका पुस्तकाच्या तीन प्रती आल्या की सगळं उसवावं लागतं. कोड उसवायला फारसा त्रास नाही, भरलेला डेटा उसवायला खूप.

म्हणून पहिली मागणी एवढीच: फक्त स्कीमा (टेबलांचा आराखडा) लिही, कोड नको. मग एकेका कॉलमपाशी थांबायचं. हा रिकामा चालेल का? हीच किंमत दोन नोंदींत येऊ शकते का? सभासदाची नोंद काढली तर त्याच्या जुन्या देवघेवीचं काय? पहिल्या मसुद्यात नॉट नल, म्हणजे 'हा कॉलम रिकामा चालणार नाही' अशा अटी, हमखास कमी असतात. दंडाची रक्कम फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश अंदाजे साठवणाऱ्या प्रकारात, दिसली तर लगेच बदलायची, कारण फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही. पैशांसाठी नेमका आकडा ठेवणारा न्यूमेरिक, वेळेसाठी पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये टाइमझोनचं भान ठेवणारा टाइमस्टॅम्पटीझेड.

सगळ्यांत जास्त वेळ एकाच गोष्टीला द्यायला हवा: एकच प्रत दोघांना दिली जाऊ नये. सहायक यासाठी ठरलेला कोड लिहितो. आधी सिलेक्ट करून, म्हणजे नोंद वाचून, प्रत बाहेर गेली आहे का ते पाहायचं, नसेल तर इन्सर्ट, म्हणजे नवी नोंद. वाचताना काहीच खटकत नाही, एकट्याने तपासलं तर चालतंही. पण दोन काउंटरवरून एकाच क्षणी मागणी आली की दोन्ही सिलेक्टना प्रत कपाटात दिसते आणि दोन्ही इन्सर्ट होतात. दोन्ही पायऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकत्र पक्क्या होणाऱ्या गठ्ठ्यात, घातल्यानेही भागत नाही. पोस्टग्रेसची नेहमीची आयसोलेशन पातळी (एका ट्रान्झॅक्शनला दुसऱ्याचं किती दिसावं) रीड कमिटेड असते, त्यामुळे शेजारच्या ट्रान्झॅक्शनची कमिट (पक्की) न झालेली नोंद दिसतच नाही.

उपाय एका ओळीचा आहे: देवघेवीच्या टेबलात प्रत क्रमांकावर युनिक इंडेक्स (तोच क्रमांक दुसऱ्यांदा येऊ न देणारी सूची), पण ज्या नोंदींत परतीची तारीख नल (रिकामी) आहे तेवढ्यांपुरताच. हा पार्शल इंडेक्स पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट दोन्हींत चालतो. मायएसक्यूएलमध्ये तो नाही, तिथे प्रतीच्या नोंदीवर सिलेक्ट फॉर अपडेट लावून कुलूप घेता येतं. खात्री करायला पोस्टग्रेसच्या दोन खिडक्या उघडायच्या. पहिलीत बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू) आणि इन्सर्ट, दुसरीत त्याच प्रतीचा इन्सर्ट. दुसरी तिथेच खोळंबते. पहिलीत कमिट केलं की दुसरीत त्रुटी २३५०५ (युनिकची अट मोडली) येते. कोडमध्ये नेमकी हीच त्रुटी पकडून 'ही प्रत आधीच दिलेली आहे' असं दाखवायचं. सहायकाला मोकळं सोडलं तर तो सगळ्याच त्रुटी एका कॅचमध्ये (त्रुटी पकडणाऱ्या भागात) गिळून टाकतो, मग डेटाबेस बंद पडला तरी स्क्रीनवर हाच संदेश दिसत राहतो.

इतका आग्रह का, तर सहायक उद्या हीच फाइल पुन्हा लिहिणार आहे. दुसरंच काही दुरुस्त करताना कोडमधली तपासणी गळून पडते, आणि बदल मोठा असला की ते नजरेतूनही सुटतं. टेबलावरची अट मात्र तशी गळत नाही. ती हलवायला मायग्रेशन, म्हणजे टेबलांची रचना बदलणारी फाइल, लिहावी लागते.

आणि मायग्रेशन प्रत्येक वेळी ओळ न् ओळ वाचायची. कॉलमचं नाव बदलायला सांगावं, तर कधी जुना कॉलम ड्रॉप आणि नवा अ‍ॅड असं लिहून येतं, म्हणजे त्यातला डेटा गेला. एकदा चालून गेलेली मायग्रेशन फाइल बदलायची नाही, नवीच लिहायची, हे सहायकासाठीच्या सूचनांच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहून ठेवावं. भरलेल्या टेबलात सक्तीचा कॉलम हवा असेल तर तीन पायऱ्या: आधी नल चालणारा कॉलम, मग जुन्या नोंदी भरणं, शेवटी नॉट नल.

पोस्टग्रेस फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीकडे बोट दाखवणारा कॉलम) लावताना त्या कॉलमवर इंडेक्स आपणहून करत नाही. इंडेक्स नसला की शोध मंदावतो, पण वीस नोंदींत हे कळत नाही, म्हणून जनरेट सीरिज या फंक्शनने लाखभर नोंदी भरून एक्स्प्लेन अ‍ॅनलाइझ पाहावं. क्वेरी कशी आणि किती वेळात चालते ते सांगणारा हा आदेश ती खरोखर चालवतो, तेव्हा डिलीट किंवा अपडेट तपासताना बिगिन आणि बदल मागे घेणाऱ्या रोलबॅकच्या मध्येच.

खऱ्या डेटाबेसचा पासवर्ड सहायकाला दिसेल अशा फाइलमध्ये ठेवायचा नाही. अ‍ॅप ज्या रोलने (डेटाबेसच्या खात्याने) जोडलं जातं तो टेबलांचा मालक नसावा, सर्वाधिकार असलेला सुपरयूजरही नसावा, म्हणजे त्या रोलकडून ड्रॉप टेबल सहसा होणार नाही.

उद्या लॉगिन. तिथे पहिली चाचणी ठरलेली आहे: एका सभासदाने लॉगिन करून वेबपत्त्यातला देवघेव क्रमांक बदलला तर दुसऱ्याची नोंद उघडता कामा नये. सहायक लॉगिन झालंय का ते बघतो, पण नोंद कोणाची आहे हे क्वेरीच्या व्हेअर या अटीत घालायचं राहून जातं. ही चाचणी कोडच्या आधी लिहून घ्यायची.