तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या टीव्ही मालिकांना अंतराळातला धोका कळला होता का?

आकाशदर्शनाला येणारी मंडळी, त्यात कॉलेजची मुलं जास्त, मला हमखास एक प्रश्न विचारतात. तुम्ही ते ब्लॅक अँड व्हाइट जमान्यातले अंतराळाचे कार्यक्रम एवढे मन लावून बघता, पण त्यात दाखवलेले धोके खरे होते का, का नुसतंच लोकांना घाबरवायचं म्हणून? उभ्या उभ्या सांगण्यासारखं उत्तर नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

थोडक्यात सांगायचं तर यंत्राच्या बाबतीत त्यांचा अंदाज पुष्कळ चुकला, पण माणसाच्या बाबतीत फारच थोडा. आणि माझ्या मते याचं मोठं कारण म्हणजे त्यांच्याकडे पैसे नव्हते.

अगदी सुरुवातीच्या अमेरिकन मालिका, म्हणजे १९४९ चा कॅप्टन व्हिडिओ, १९५० चा टॉम कॉर्बेट वगैरे, या मुख्यतः लहान मुलांसाठी. उल्का येतात, चाचे येतात, हिरो वाचतो, उद्या परत बघा. टॉम कॉर्बेटला विली ले यांच्यासारखा रॉकेटमधला जाणकार सल्लागार होता त्यामुळे त्यात थोडं विज्ञान होतं, पण धोका मात्र बाहेरून येणारा आणि भाग संपेपर्यंत टळणारा.

खरी गोष्ट सुरू होते १९५३ च्या जुलैमधे, लंडनला. बीबीसीवर शनिवारी रात्री द क्वाटरमास एक्सपेरिमेंट नावाची सहा भागांची मालिका लागली. लेखक नायजेल नील, दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टिए, आणि जवळजवळ सगळं लाइव्ह, म्हणजे नट चुकला तर चुकला, परत घेणं नाही. लक्षात घ्या, स्पुटनिक अजून चार वर्षं लांब होता, माणूस सोडा पण एक साधा उपग्रहसुद्धा कोणी पृथ्वीभोवती फिरवलेला नव्हता. गोष्ट अशी की तीन माणसांना घेऊन गेलेलं रॉकेट भरकटतं, संपर्क तुटतो, आणि मग ते परत येऊन लंडनच्या विम्बल्डन भागात एका घरावर कोसळतं. बाहेर गर्दी, पोलीस, पत्रकार, आत काय झालंय कोणालाच माहीत नाही. दार उघडतात तर आत एकच माणूस. बाकी दोघांचे फक्त स्पेससूट, बंद केलेले तसेच, आत कोणीच नाही. आणि जो वाचलाय तो व्हिक्टर कॅरून, तो हळूहळू त्याला कधी न येणारी जर्मन बोलायला लागतो, कारण हरवलेल्यांपैकी एक जण जर्मन होता.

मला हा प्रसंग आजही अंगावर येतो. अंतराळ एकदाही नीट दाखवलेलं नाही, दाखवणं परवडणारंच नव्हतं, त्यामुळे सगळा धोका त्या एका परत आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर येऊन बसतो. बायको त्याच्याकडे बघतेय, डॉक्टर बघतायत, आणि प्रत्येकाला कळतंय की हा आपला माणूस आहेही आणि नाहीही. शेवटी त्याचं वनस्पतीसारखं काहीतरी होतं आणि ते लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमधे जाऊन बसतं, जिथे अडीचेक महिन्यांपूर्वीच राणीचा राज्याभिषेक झाला होता आणि तो बघायला म्हणून कितीतरी घरांत पहिल्यांदा टीव्ही आला होता. त्या ॲबीच्या फोटोला भोक पाडून नील यांनी स्वतःचे हात पाला चिकटवलेल्या हातमोज्यांत घालून आत हलवले, तोच राक्षस. आणि ते रॉकेट पाठवणारे प्रोफेसर क्वाटरमास त्याला बॉम्बने मारत नाहीत, ते त्याच्या आत कुठेतरी उरलेल्या तीन माणसांना हाक मारतात, तुम्ही माणसं आहात, विरोध करा म्हणून विनवतात. इतकं हळवं टोक त्या काळात कोणाला सुचलं याचं मला फार कौतुक वाटतं.

मग १९५९ ला अमेरिकेत ट्वायलाइट झोन आली. तिचा पहिलाच भाग, २ ऑक्टोबरचा, अंतराळावरचा आहे हे बऱ्याच जणांना बघताना शेवटपर्यंत कळत नाही. एक माणूस रिकाम्या गावात फिरतोय, शेगडीवर कॉफी आहे, ॲशट्रेमधे सिगार जळतोय, पण माणूस नाही. तो सिग्नलचं बटण दाबून ओरडायला लागतो आणि तेव्हा आपल्याला दिसतं की तो एका बंद पेटीत आहे, चंद्राच्या प्रवासाची तयारी म्हणून त्याला ४८४ तास ३६ मिनिटं एकटं ठेवलंय, आणि ते गाव त्याच्या डोक्यातलं होतं. अधिकारी म्हणतात जेवण, हवा सगळं देता येईल, पण सोबतीची भूक भागवता येत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमधे आणखी एक भाग, एक्स-२० नावाच्या यानातून तिघं परत येतात आणि एकेक करून जगातून पुसले जातात, एक जण घरी फोन करतो तर आईवडील म्हणतात आम्हाला मुलगाच नाही. खऱ्या एक्स-२० वर तेव्हा अमेरिकन हवाईदल काम करत होतं, ते कधी उडालं नाही, १९६३ ला प्रकल्पच रद्द झाला.

आता तुम्ही म्हणाल ही सगळी लेखकांची कल्पना. पण हीच भीती इंजिनिअर आणि डॉक्टर लोकांनाही होती बरं का. गागारिन १२ एप्रिल १९६१ ला गेला तेव्हा त्याच्या यानाचे हाताने चालवायचे कंट्रोल कुलूपबंद होते. वजनरहित अवस्थेत माणसाचं डोकं फिरलं तर काय घ्या, म्हणून ते कुलूप उघडायचा १२५ हा आकडा पाकिटात घालून दिला होता, भान शाबूत असेल तरच पाकीट उघडून तो दाबता येईल असा हिशोब, अर्थात त्याला तो आधीच सांगून टाकला होता ही गोष्ट वेगळी. आणि त्या उड्डाणाच्या फक्त २० दिवस आधी मॉस्कोत व्हालेंतीन बोंदारेन्को नावाचा, अंतराळवीर व्हायची तयारी करणारा २४ वर्षांचा तरुण अगदी तशाच बंद खोलीत एकटेपणाची चाचणी देत होता. दहाव्या दिवशी त्याने स्पिरिटचा कापूस टाकला तो गरम शेगडीवर पडला, खोलीत ऑक्सिजन जास्त, भडका उडाला आणि काही तासांत तो गेला. हे जगाला कळलं १९८६ ला. त्या ट्वायलाइट झोनच्या भागातला माणूस दारातून जिवंत बाहेर येतो, बोंदारेन्कोला एकांताने नाही, हवेने मारलं.

इथेच मालिका कमी पडल्या असं मला वाटतं. त्यांनी धोका अज्ञातात शोधला, आणि माणसं मेली ती ओळखीच्या वस्तूंमुळे. १९६७ च्या जानेवारीत अपोलो १ या अमेरिकन यानाचे तिघं अंतराळवीर जमिनीवरच, चाचणी चालू असताना जळाले, शुद्ध ऑक्सिजन आणि आत उघडणारं दार, आतला दाब वाढल्यावर ते उघडेचना. एप्रिलमधे सोव्हिएत अंतराळवीर कोमारोव्हचं परत येताना पॅराशूट उघडलं नाही. १९५९-६० च्या मेन इंटू स्पेस या मालिकेने मात्र हा रस्ता पकडला होता, तिला अमेरिकन संरक्षण खात्याची मदत होती, ३८ भाग, आणि त्यात परग्रहवासी जवळजवळ नाहीतच, काहीतरी सुटत नाही, अडकतं, इंधन पुरत नाही, चंद्रावर एकाला हार्ट ॲटॅक येतो तर परतीचा वेग त्याला सोसावा म्हणून त्याला पाण्याच्या टाकीत ठेवतात. ती फक्त एक सीझन चालली. थोडी रूक्ष आहे हे खरं, पण मला तिच्याबद्दल फार आदर आहे.

आणि मग १९७१ चं सोयुझ ११, हे सोव्हिएत यान. यान पॅराशूटने व्यवस्थित उतरलं, बाहेरून सगळं ठीक, लोकांनी दार उघडलं तर दोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह, पात्सायेव्ह तिघं आपापल्या जागी बसलेले, आणि गेलेले. वर असताना एक व्हॉल्व्ह नको तेव्हा उघडला होता आणि हवा निघून गेली. क्वाटरमासमधे दार उघडल्यावर सूट होते, माणसं नव्हती. इथे माणसं होती, सूट नव्हते, कारण तिघांना बसवायचं तर केबिनमधे सूटला जागाच नव्हती. त्यानंतर सोयुझमधे दोघंच जायला लागले, सूट घालून, आणि तिघांची सोय परत झाली ती १९८० च्या सोयुझ टी पासून. आपले राकेश शर्मा १९८४ ला गेले ते त्याच जातीच्या यानात, तिसरे म्हणून, सूट घालून.

बघायला सुरुवात कुठून करायची हे पण विचारता ना, तर ट्वायलाइट झोनचा पहिला भाग आधी बघा, जेमतेम अर्ध्या तासाचा आहे. मग क्वाटरमास. त्याचे पहिले दोनच भाग शिल्लक आहेत, पुढचे चार रेकॉर्डच झाले नाहीत. पण बीबीसीने २००५ मधे तीच गोष्ट पुन्हा लाइव्ह केली होती, ती मिळाली तर पुढचं काय झालं ते कळेल, आणि मेन इंटू स्पेस नंतर सावकाश बघा, एका वेळी एकच भाग.