जेआरएफ हुकल्यावर पीएचडीची जागा शोधताना: माझा अनुभव

एमएस्सी फिजिक्स झालं, सीएसआयआर नेट ही पात्रता परीक्षा पण निघाली, पण जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठी महिन्याला पैसे देणारी फेलोशिप, थोडक्यात हुकली. म्हणजे पीएचडीला पात्र, पण फेलोशिप नाही. त्यात नवीन नियमानं आमच्यासारख्यांचे नेटचे मार्क प्रवेशाला एकच वर्ष चालतात, ७० टक्के वेटेज त्या मार्कांना आणि ३० मुलाखतीला, त्यामुळं निवांत बसायची सोय नव्हती.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या एका सीनियरनं सायबर चौकात चहा पिताना सांगितलं, भावा डिपार्टमेंट बघू नकोस, जागा गाईडकडं असते. प्रोफेसरकडं जास्तीत जास्त ८ विद्यार्थी, असोसिएटकडं ६, असिस्टंटकडं ४. शिवाय ज्यांची रिटायरमेंट ३ वर्षांच्या आत आली त्यांना नवीन विद्यार्थी घेता येत नाही. हे लावून बघितलं तर माझी यादी निम्म्यावर आली, आणि त्यात नावाजलेली मंडळी बरीच गेली.

मग शोधगंगा उघडली, म्हणजे देशभरातले पीएचडीचे थेसिस ठेवलेली वेबसाइट. याचा उपयोग लोक फार कमी करतात राव. गाईडचं नाव टाकलं की त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे थेसिस निघतात, रजिस्ट्रेशन कधी आणि सबमिट कधी हे बऱ्याचदा तिथंच कळतं. एका ठिकाणी सगळ्या थेसिसमध्ये पद्धत तीच, नुसतं ऑक्साईड बदललेलं. ते वाईटच असं नाही, थिन फिल्ममध्ये, म्हणजे पदार्थाचे पातळ थर बसवण्यात, कोल्हापूरचा हात त्यातनंच बसलाय, पण मला ते नको होतं.

मेल आखूड ठेवले. त्यांचा एक पेपर नीट वाचून त्यातला एक ग्राफ का तसा आला एवढंच विचारायचं, मग स्वतःबद्दल चार ओळी. 'रिस्पेक्टेड सर' करून सगळ्यांना एकच मेल ढकलणाऱ्यांना उत्तर येत नाही, आणि का यावं? एका ठिकाणी मात्र उत्तर आलं, भेटायला गेलो, तर पहिला प्रश्न फेलोशिप आहे का, नाही म्हटल्यावर चहासुद्धा नाही.

शेवटी सुपरकपॅसिटरवर, म्हणजे झटपट चार्ज होणाऱ्या वीज साठवायच्या साधनांवर, काम चालतं अशी एक लॅब आवडली. सर मीटिंगमध्ये होते ते बरंच झालं. वॉटर बाथमध्ये बीकर, त्यात स्टीलची पट्टी टांगलेली, आणि शेजारी एक ताई वहीत तापमान लिहीत उभी. तिलाच विचारलं, पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोड तपासायचं यंत्र) किती जणांत आहे, एक्सआरडीला (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघायचं यंत्र) नंबर कधी लागतो, सर ड्राफ्ट किती दिवसांत परत देतात. तिसऱ्या प्रश्नाला ती हसली आणि म्हणाली, देतात, पण लाल करून देतात. मला तेवढं पुरे होतं.

त्यांच्याकडं प्रोजेक्टच्या पैशातनं जेआरएफची जागा निघणार होती, महिन्याला ३७ हजार अधिक घरभाडं, फेलोशिप हुकलेल्या माझ्यासारख्या नेटवाल्यालाही चालते. पण लक्षात घ्या, प्रोजेक्टची नेमणूक म्हणजे पीएचडीचं ॲडमिशन नव्हे, जाहिरात वेगळी, मुलाखत वेगळी. मी दोन्हीकडं अर्ज भरला. प्रोजेक्ट मध्येच संपला तर काय, हेही सरांना तोंडावर विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं की पुढचं प्रपोजल पाठवलंय, खात्री देत नाही.

सध्या पीएचडीचं कोर्सवर्क, म्हणजे सुरुवातीचे वर्ग, चालू आहे, किमान १२ क्रेडिट करावे लागतात. आणि वडील पाव्हण्यांना अजून सांगत्यात, पोरगं विद्यापीठात कामाला लागलंय.