जी चित्रं उरली नाहीत, त्यांचाही अभ्यास

कोरियात तैलचित्रकलेची सुरुवात ज्यांच्यापासून मानतात ते को ही-दोंग. त्यांचं 1915 सालचं एक आत्मचित्र आहे. डोक्यावर घोड्याच्या केसांची उंच पारंपरिक टोपी, चेहऱ्यावर तरुण माणसाचा थोडा ताठा. कोरियन आधुनिक कलेचा कुठलाही इतिहास उघडा, हे चित्र पहिल्या काही पानांत भेटतं. मात्र मूळ चित्र सोलमध्ये नाही, टोकियोत आहे. तिथल्या सरकारी कलाशाळेत पाश्चात्त्य चित्रकला शिकणाऱ्यांना जाताना स्वतःचं एक चित्र शाळेला द्यावं लागे. कोरियात तेव्हा तैलरंग शिकवणारी शाळाच नव्हती आणि 1910 पासून देश जपानच्या ताब्यात होता. त्यामुळे शिकायला जायचं ते टोकियोला, आणि अशी आत्मचित्रंही तिथेच राहिली.

मी इथे, कोरियात, क्युरेटरांच्या, म्हणजे संग्रह अभ्यासून प्रदर्शनं घडवणाऱ्यांच्या, एका विनिमय फेलोशिपवर आले आहे. वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहालयांतून आम्ही काही जण आलो आहोत. इथलं काम, इथला संग्रह आणि इथली कागदपत्रं जवळून पाहायची, आपला एक विषय घेऊन त्यावर अभ्यास करायचा आणि शेवटी तो इथल्या सहकाऱ्यांसमोर मांडायचा, असं स्वरूप. पुढे इथली एक सहकारी मुंबईत येईल. कोरियाला हे सगळं का करावंसं वाटतं, याचं कारण साधं आहे. 2022 मध्ये लॉस एंजेलिस काउंटी म्युझियममध्ये आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये कोरियन कलेची मोठी प्रदर्शनं झाली, दोन्ही इथल्या राष्ट्रीय आधुनिक व समकालीन कला संग्रहालयाच्या सोबतीने. अशी प्रदर्शनं उभी राहायची तर बाहेरच्या संग्रहालयांत हा विषय जाणणारी माणसं हवीत. ती आपोआप तयार होत नाहीत.

या राष्ट्रीय संग्रहालयाच्या चार इमारती आहेत. सोलमधली मुख्य इमारत 2013 मध्ये जुन्या लष्करी गुप्तचर मुख्यालयाच्या जागेवर उघडली. ग्वाचनची इमारत डोंगराच्या कुशीत आहे, संशोधन केंद्र आणि अभिलेखागार तिथेच. चोंगजूची इमारत पूर्वी सिगारेटचा कारखाना होती; 2018 पासून तिथे संग्रहाचा काही भाग काचेआड, लोकांना दिसेल असा ठेवला आहे. सामान्य माणूस थेट साठवणीच्या खोलीत डोकावतो, हे मला फार आवडलं.

पण माझा जीव रमतो तो चौथ्या इमारतीत, सोलमधल्या दोक्सुगुंग राजवाड्याच्या आवारात. सिटी हॉल स्टेशनला उतरलं की समोरच दरवाजा. आत लाकडी दालनांच्या शेजारी दगडी खांबांच्या दोन युरोपीय धर्तीच्या इमारती उभ्या आहेत. त्यातली पश्चिमेकडची 1938 साली, जपानी अमलात, संग्रहालय म्हणूनच बांधली गेली. 1998 पासून तिथे आधुनिक काळातली, म्हणजे साधारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची कला दाखवतात. परकीय सत्तेच्या इमारतीत त्याच काळातल्या आपल्या चित्रकारांची चित्रं. मुंबईच्या माणसाला ही गोष्ट वेगळी समजवावी लागत नाही.

खरा धक्का मला कागदपत्रं पाहताना बसला. जपानी सरकार 1922 ते 1944 दरवर्षी सोलमध्ये एक अधिकृत कलाप्रदर्शन भरवत असे आणि त्याचे कॅटलॉग छापत असे, कृष्णधवल छायाचित्रांसह. त्यातली बहुतेक चित्रं आज अस्तित्वात नाहीत. काही 1950-53 च्या कोरियन युद्धात जळली, काही पळापळीत मागे राहिली, काहींचा माग निर्वासितांच्या गर्दीत हरवला. आधुनिक शिल्पकलेचे आद्य मानले जाणारे किम बोक-जिन 1940 मध्ये वारले. त्यांची व्यक्तिशिल्पं जवळपास सगळी नष्ट झाली, त्यांनी घडवलेली ग्युमसान मंदिरातली भव्य मैत्रेय मूर्ती मात्र आहे. ना हे-सोक यांनी 1921 मध्ये सोलमध्ये स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. कोरियात तैलरंगात काम करणारी ती पहिली स्त्री. त्यांचीही खात्रीची म्हणावी अशी चित्रं मोजकीच उरली आहेत. इथले संशोधक अंगठ्याएवढ्या धूसर छायाचित्रावरून रचना वाचतात, वर्तमानपत्रातल्या समीक्षेवरून रंगांचा अंदाज बांधतात. चित्र नाही म्हणून चित्रकाराला इतिहासातून वगळायचं नाही, यावर ते ठाम आहेत.

चित्रकार ली क्वे-दे यांच्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे. जन्म 1913. टोकियोत शिकले, स्वातंत्र्यानंतर, 1948 च्या सुमारास, त्यांनी माणसांच्या गर्दीची प्रचंड चित्रं रंगवली. धडपडणारी, एकमेकांना सावरणारी, नग्न, बलदंड शरीरं. त्यांचं एक आत्मचित्रही आहे: निळा पारंपरिक अंगरखा, डोक्यावर पाश्चात्त्य हॅट, हातात रंगफलक आणि मागे कोरियन गावाचं दृश्य. नजर सरळ आपल्यावर. या चित्रासमोर मी कितीही वेळ उभी राहू शकते. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशातला चित्रकार कसा दिसतो, कुठल्या परंपरेच्या जोरावर उभा राहतो, हा प्रश्न आपल्याकडेही त्याच वर्षांत चित्रकार विचारत होते. मुंबईत आधुनिक चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप 1947 चाच.

1950 मध्ये उत्तर आणि दक्षिण कोरियात युद्ध पेटलं. उत्तरेच्या फौजांनी सोल घेतलं तेव्हा ली क्वे-दे शहरातच होते. त्यांना प्रचाराची चित्रं रंगवायला लावलं गेलं आणि पुढे ते दक्षिणेच्या बाजूचे युद्धकैदी झाले. छावणीतून त्यांनी पत्नीला पत्र लिहिलं: माझे जपून ठेवलेले रंग, पुस्तकं, जुने कॅनव्हास, चौकटी, जे विकता येईल ते विक, पण मुलांना उपाशी ठेवू नकोस. गोजे बेटावरच्या छावणीत एका सहकैद्याला चित्रकला शिकवण्यासाठी त्यांनी शरीररचनेची वहीसुद्धा हाताने तयार केली. 1953 च्या कैद्यांच्या अदलाबदलीत ते उत्तरेला गेले आणि परत आले नाहीत. 1965 मध्ये तिकडेच वारले.

(त्या वेळी मायदेशी परतायला नकार दिलेल्या 22 हजारांहून अधिक कैद्यांची राखण भारतीय सैन्याकडे होती आणि त्या दलाचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात. आपल्या मराठी माणसाचं नाव या इतिहासात असं गुंतलेलं आहे, हे घरी फार थोड्यांना ठाऊक असतं, म्हणून मुद्दाम लिहिते.)

उत्तरेला गेलेल्या कलावंतांवर दक्षिणेत बंदी होती. त्यांचं काम दाखवता येत नसे, कुटुंबांवर पोलिसांची नजर असे. अशा काळात ली क्वे-दे यांच्या पत्नी यू गाप-बोंग यांनी ते पत्रात विकायला सांगितलेले कॅनव्हास विकले नाहीत, घरात लपवून ठेवले. 1988 मध्ये बंदी उठली, तेव्हा देशाला एक अख्खा चित्रकार परत मिळाला, तो या बाईंमुळे. दोक्सुगुंगमध्ये 2015 साली ली क्वे-दे यांचं मोठं प्रदर्शन झालं. कोरियन कलेचा इतिहास घडवणाऱ्यांत मी यू गाप-बोंग यांचं नाव कुठल्याही अभ्यासकाच्या बरोबरीने घेईन.

जे देशाबाहेर गेलं त्याचीही कथा आहे. ली जुंग-सोप यांच्याकडे युद्धात कागदालाही पैसे नव्हते. सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदावर टोकदार अवजाराने रेघा कोरायच्या, वर रंग फासायचा, मग पुसून टाकायचा. रेघांत रंग उरतो. अशी हातभर नव्हे, वीतभर चित्रं, त्यात खेकडे, मासे आणि मुलं. बायको-मुलं जपानला निघून गेलेली. 1956 मध्ये ते रुग्णालयात एकटेच वारले, वय 40. सोलमधल्या मोठ्या संग्रहालयांनी दखल घेण्याआधीच यातले तीन कागद एका अमेरिकन अधिकाऱ्यामार्फत न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये पोचले होते. पार्क सू-गुन यांची ग्रॅनाइटसारख्या खरबरीत पोताची छोटी चित्रंही परदेशी गिऱ्हाइकांच्या सामानातून बाहेर गेली. 2021 मध्ये सॅमसंगचे दिवंगत अध्यक्ष ली कुन-ही यांच्या कुटुंबाने राष्ट्रीय कला संग्रहालयाला 1,488 कलाकृती दिल्या, तेव्हा इथल्या आधुनिक संग्रहातल्या अनेक फटी एकदम बुजल्या.

इथे क्युरेटर होण्यासाठी सरकारी पात्रता आहे, श्रेणीवार, परीक्षा आणि अनुभवाच्या अटींसह. आपल्याकडे असं काही नाही. परीक्षेने डोळा तयार होतो असं मला वाटत नाही, पण पदाला मान आणि कामाला शिस्त मिळते, हे रोज दिसतं. कागदाचा कपटा आला तरी त्याची नोंद होते: कुणी दिला, कधी, कुठल्या घरातून.

माझी इथली सहकारी मुंबईत येईल तेव्हा तिला जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये स्वातंत्र्याआधी शिकलेल्या चित्रकारांची घरं पाहायची आहेत. चित्रांइतकीच तिला कागदांची ओढ आहे: प्रदर्शनांची निमंत्रणं, कॅटलॉग, वह्या, पत्रं, वर्गातले फोटो. वाचकांपैकी कुणाच्या आजोबा-आजींचं असं काही माळ्यावर किंवा ट्रंकेत असेल, तर कृपया रद्दीत देऊ नका आणि मला कळवा. फोटोतली माणसं ओळखणारं कुणी घरात हयात असेल, तर नावं आत्ताच मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा. पेनने नको, शाई कागदातून पुढे उमटते.