आमची वाटचाल: तीन टिपक्यांचं काम

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आम्ही शेड टाकली तेव्हा डेंटिंग-पेंटिंगवाले पुष्कळ होते, टचअप, म्हणजे रंग उडालेले टिपके तेवढेच भरणं, मात्र कुणालाच नको होतं. हायवेवर खडी उडून बॉनेटवर तीन टिपके पडले तरी अख्ख्या बॉनेटला रंग मारायचा, हाच रिवाज. आम्ही तीन टिपकेच भरायचं ठरवलं. कंपनीत भट्टीत भाजलेला रंग सगळे थर धरून जेमतेम 100 ते 120 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, पण एकदा घासून काढला की तसा परत चढत नाही.

रंगाची छटा, म्हणजे शेड, जुळवायचं काम आमचे भागीदार मामा यांचं. रंगाचा कोड दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो, हे सांगायला नको. पण एकाच कोडचे दोन-तीन व्हेरियंट निघतात आणि वर आठ वर्षांचं ऊन. मामा आधी ती जागा कंपाउंडने (घासून चमकवायच्या पेस्टने) उजळून घेत, नाहीतर शेड मळलेल्या क्लिअरला, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराला, जुळते. मग कार्डावर रंग मारून, क्लिअर चढवून, पूर्ण वाळल्यावर ते उन्हात गाडीला लावून बघत. ट्यूबलाइटखाली ‘जुळली’ हा शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. सिल्व्हर समोरून बघत, तिरपी बघत. ओला कोट बसला की रंगातला चमकीचा दाणा खाली जाऊन शेड काळवंडते, कोरडा बसला की उजळते. म्हणून कार्डही गाडीवर चालणाऱ्या त्याच 1.3 मिलिमीटर तोंडाच्या स्प्रे गनने, त्याच दाबावर. ब्रशने भरलेला सिल्व्हरचा टिपका पूर्ण लपत नाही, हे गिऱ्हाइकाला आम्ही काम घेण्याआधीच सांगतो.

पाचव्या वर्षी धंदा बुडायची वेळ आली. क्लिअर मारलं की मिनिटाभरात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे. आधी कंप्रेसरच्या तेलावर संशय घेतला, फिल्टर बदलले, पाइप बदलले, थिनरचा डबा फेकला. सात आठवडे असेच गेले. दोष निघाला शेजारच्या वॉशिंगवाल्याचा: तो डॅशबोर्ड आणि टायरवर सिलिकॉनचा स्प्रे मारायचा, आणि तो वाऱ्याने आमच्या शेडमध्ये यायचा. मध्ये भिंत घातली तेव्हा खड्डे थांबले. तोवर पलीकडच्या गल्लीतल्या एका गॅरेजवाल्याने आमच्या ट्रॅव्हल्सवाल्या गिऱ्हाइकाला सांगून टाकलं होतं, की यांना रंगच मारता येत नाही. दहा गाड्या तिकडे गेल्या. तिथे हार्डनर (थर कडक करणारं द्रव्य) नसलेलं स्वस्त क्लिअर मारत. पेट्रोलचा थेंब पडला की ते मऊ पडायचं. गिऱ्हाइकाला हे समजेपर्यंत दोन वर्षं गेली. ती बोच अजून आहे.

त्या सात आठवड्यांत एक निवृत्त मास्तर लाल गाडीचा एकच फेंडर घेऊन तीनदा आले. तीनदा क्लिअर कडक होऊ दिलं, 800 च्या वॉटर पेपरने खड्डे काढले, पुन्हा मारलं. खड्डे बुजवायचं औषध मिळतं, ते आम्ही घातलं नाही. त्यातही सिलिकॉनच असतं, गनला लागलं की पुढच्या गाडीवर उतरतं. मास्तर एकदाही आवाज चढवून बोलले नाहीत.

घरी टचअपची बाटली आणणाऱ्यांना सांगतो. टिपक्यात गंज असेल तर टोकदार पात्याने खरवडा, मेणकाढू सॉल्व्हंटने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपा, नाहीतर मेण फक्त पसरतं. उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर. बाटली दोन मिनिटं नीट हलवा, दाणा तळाशी बसलेला असतो. झाकणातला ब्रश टिपक्याला जाड पडतो. टूथपिक किंवा शून्य नंबरचा ब्रश घ्या. पातळ तीन-चार थर, दोन थरांत वीस मिनिटं. एकदम भरलं तर वरून साय धरते, आत ओलं राहतं आणि आठवड्याने खळगा पडतो. क्लिअर भोवतीच्या पातळीपेक्षा किंचित उंच भरा, आठवडा थांबा, मग 2000 चा पेपर रबराच्या छोट्या ठोकळ्यावर लावून, साबणाच्या पाण्यात, फक्त त्या उंचवट्यावर. बोटाने घासाल तर बाजूचं मूळ क्लिअर जाईल. पावसाळी दमट दिवशी हे काम काढूच नका, रंगावर दुधाळ झाक येते. उसाच्या ट्रॉलीने काढलेला हातभर ओरखडा मात्र बाटलीने झाकू नका. तिथे बेस, म्हणजे क्लिअरखालचा रंग, कडेला विरवून आणि क्लिअर अख्ख्या पॅनेलवर मारावं लागतं.