एज्युकेशन लोन, सबसिडी आणि डिग्री: माझा अनुभव

माझं बीई कॉम्प्युटर २०१९ ते २०२३, त्यासाठी एज्युकेशन लोन काढलं आणि आता हप्ते चालू आहेत. सोलापुरातनं जी पोरं-पोरी पुण्याला शिकायला जातात त्यातल्या निम्म्यांच्या घरी हाच विषय चालू असतो, म्हणून जे जे झालं ते लिहिते. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

घरची परिस्थिती आधी सांगते कारण पुढं सगळं त्यावरच आहे. अण्णा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (यंत्रमाग चालू ठेवणारे, दुरुस्त करणारे), आई घरी विड्या वळते, मागं लहान भाऊ. सीईटीनंतर कॅपमधनं, म्हणजे सरकारी प्रवेश फेऱ्यांमधनं, पुण्याचं कॉलेज लागलं. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत ट्यूशन फी निम्मी होते (उत्पन्न ८ लाखाच्या आत पाहिजे), पण हॉस्टेल, मेस, डेव्हलपमेंट फी, लॅपटॉप हे सगळं उरतंच की. आम्ही तिघांनी बसून वहीत हिशोब मांडला तर चार वर्षांचा खड्डा साधारण ४ लाखांचा निघाला. कॉलेजच्या एका सरांनी सांगितलं, साडेसात लाख मंजूर करून घे, लागतील तेवढे उचल. अण्णा म्हणाले, मंजूर झाले की लागतातच. म्हणून ४ लाखच मागितले आणि त्याचा एक फायदा होता, ४ लाखापर्यंत मार्जिन मनी (आपला स्वतःचा वाटा) भरायला लागत नाही, तारण नाही, आई-वडील को-बॉरोअर (सहकर्जदार) म्हणून सही करतात, संपला विषय. त्याच्या वर गेलं की देशातल्या शिक्षणाला ५ टक्के आपल्या खिशातले घालायचे, आणि साडेसात लाखाच्या वर घर-जागा गहाण.

संपला विषय म्हटलं खरं, पण बँकेत तो तिथनंच सुरू होतो.

आमचं खातं ज्या बँकेत त्या शाखेत गेलो तर साहेब म्हणाले कॉलेज पुण्यात आहे ना, मग पुण्याच्या शाखेतनं करा. अॅडमिशनला पुण्याला गेलो तेव्हा तिथल्या शाखेत विचारलं तर त्या मॅडम म्हणाल्या आई-वडील सोलापूरला, पत्ता सोलापूरचा, आम्ही वसुली कुठनं करणार, तिकडनंच करा. अण्णांचा तेवढ्यासाठी खाडा झाला होता, ते काहीच बोलले नाहीत, बाहेर येऊन चहा घेतला फक्त. मग मी शोधलं तर रिझर्व्ह बँकेनं २०१२ मध्येच बँकांना कळवलंय की सर्व्हिस एरियाचं (तुम्ही आमच्या शाखेच्या हद्दीत नाही असं) कारण सांगून शैक्षणिक कर्जाचा अर्ज नाकारायचा नाही. त्याची प्रिंट काढली आणि शिवाय विद्यालक्ष्मी पोर्टलवर फॉर्म भरला. हे पोर्टल २०१५ पासून आहे, एकाच फॉर्मवर तीन बँकांना अर्ज जातो. माझं ठाम मत असं की हाताने अर्ज देत बसू नका, पोर्टलवरनंच टाका, कारण तिथं अर्जाचा नंबर आणि तारीख पडते. तोंडी 'नंतर या' म्हणणारा माणूस लेखी 'नाही' म्हणायला दहा वेळा विचार करतो. त्याला कारण लिहावं लागतं.

प्रिंट बघून साहेब जरा नरमले, मग सिबिल (आधीच्या कर्जफेडीचा रेकॉर्ड) काढलं. अण्णांच्या सिबिलवर टू-व्हीलरचं जुनं लोन चालू दाखवत होतं आणि त्यावर थकबाकीपण. ते लोन फिटून दोन-तीन वर्षं झाली होती, गाडीपण विकून झाली होती! फायनान्स कंपनीनं खातं बंद केल्याचं कळवलंच नव्हतं. एनओसी (कर्ज फिटल्याचं पत्र) आमच्याकडं होती, आईनं रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलेली, घड्या पडून पडून मधोमध फाटलेली आणि टेपनं चिकटवलेली. ती स्कॅन करून सिबिलच्या साईटवर डिस्प्यूट टाकला, साधारण महिन्याभरात दुरुस्त झालं. वर्षातनं एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तेव्हा पोरगं बारावीला असतानाच बापाचा आणि आईचा रिपोर्ट काढून बघा. अॅडमिशनच्या घाईत हे कळलं तर फीची तारीख निघून जाते. आमची पहिली फी आत्यानं बचत गटातनं उचलून दिली म्हणून निभावलं.

बाकी कागद नेहमीचेच: कॅपचं अलॉटमेंट लेटर, बोनाफाईड, लेटरहेडवर चारही वर्षांचं फी स्ट्रक्चर (हे कॉलेज लवकर देत नाही, पाठ सोडू नका), मार्कशीट, आधार, पॅन. आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. हा दाखला महत्त्वाचा, कारण सबसिडी त्याच्यावर आहे.

सबसिडीचं नीट सांगते, कारण खरा पैसा इथं आहे आणि कुणी समजावून सांगत नाही. केंद्र सरकारची व्याज सबसिडी योजना आहे, सीएसआयएस म्हणतात, २००९ पासूनची. घरचं वर्षाचं उत्पन्न साडेचार लाखाच्या आत असेल तर शिक्षणाची वर्षं अधिक पुढचं एक वर्ष, एवढ्या काळाचं व्याज सरकार भरतं. २०१८ नंतर कॉलेजला नॅक किंवा कोर्सला एनबीए, म्हणजे दर्जाची मान्यता, पाहिजे अशी अट आली. कोर्स मधेच सोडला तर सबसिडी नाही. एकदाच मिळते, डिग्रीला घेतली की पुढं मास्टर्सला नाही.

आता त्यात किती पैसे असतात ते बघा. सोपं म्हणून व्याज १० टक्के धरा आणि दरवर्षी १ लाख उचलले असं धरा. चार वर्षं कोर्स, त्यानंतर हप्ता सुरू व्हायच्या आधीचं एक वर्ष सवलतीचं. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज ५० हजार, दुसऱ्यावर ४०, तिसऱ्यावर ३०, चौथ्यावर २०. झाले १ लाख ४० हजार, तेही सरळव्याजानं. हप्ता सुरू व्हायच्या आधीच ४ लाखाचे ५ लाख ४० हजार झालेले असतात! सात वर्षांच्या मुदतीला ४ लाखाचा हप्ता साधारण ६,६०० बसतो आणि ५ लाख ४० हजाराचा ९ हजाराच्या जवळ. महिन्याला हा जो फरक आहे तो म्हणजे पुण्यात एका माणसाच्या मेसचा बराचसा खर्च. लोकांना वाटतं शिकत असताना हप्ता नाही म्हणजे कर्ज झोपलंय. ते झोपत नाही.

माझं काय झालं तर २०२० मार्चला लॉकडाऊन लागला, हॉस्टेल बंद, मी घरी. ऑनलाईन लेक्चर चालू आणि शेजारच्या यंत्रमागांची खटखट पण चालू (ते उघडल्यावर म्हणते मी, आधी सगळंच गप्प होतं), म्यूट काढलं की सर विचारायचे हा कसला आवाज. पण त्या काळात हॉस्टेलचे पैसे उचललेच नाहीत, त्यामुळं शेवटी ४ लाख मंजूर असून ३ लाख ३० हजारच काढले. हे शिकून घेतलं ते बरं झालं, मंजूर रक्कम सगळी उचलायचं बंधन नसतं.

तिसऱ्या वर्षी मार्कशीट द्यायला शाखेत गेले होते, कारण दरवर्षी पास झाल्याचं दाखवल्याशिवाय पुढचा हप्ता कॉलेजला जात नाही. सहज लोन खात्याचं स्टेटमेंट मागितलं. दर महिन्याला व्याज नावे पडतंय आणि सबसिडीची जमा एकपण नाही. विचारलं तर उत्तर आलं, 'ती वरनं येते, आमच्या हातात काही नाही.' वरनं येते हे खरं आहे, कॅनरा बँक या योजनेची नोडल बँक आहे, सगळ्या बँकांचे क्लेम तिकडं जातात. पण क्लेम पाठवायचा तर आधी आपल्या बँकेनं. आणि क्लेमच्या यादीत माझं खातं नव्हतंच! उत्पन्नाचा दाखला फाईलमध्ये होता, मी माझ्या डोळ्यांनी बघितला, पिवळ्या फ्लॅपच्या फाईलीत मंजुरीपत्राच्या मागं टाचलेला, फक्त सिस्टीममध्ये कुणी टिक केलं नव्हतं. त्या एका टिकेचे लाखभर रुपये.

साहेब तोवर बदलून नवीन आले होते. ते तोंडावर चांगलं बोलायचे, 'हो करू की', आणि काही व्हायचं नाही. मग मी लेखी अर्ज दिला, दुसऱ्या कॉपीवर शिक्का आणि तारीख घेतली. बँकेच्या तक्रार विभागाला तोच अर्ज मेल केला आणि खाली लिहिलं की ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाईन. बँकेला ३० दिवस देऊन मगच तिकडं जाता येतं, ऑनलाईन तक्रार होते, वकील लागत नाही, पैसे लागत नाहीत. जायची वेळ आली नाही. मेलनंतर शाखेतनं आपणहून फोन आला, खातं यादीत चढलं आणि बऱ्याच महिन्यांनी जमा दिसली. एका वर्षाची मात्र राहिली ती राहिलीच, तेवढं व्याज आम्हीच भरलं. आई म्हणाली जाऊ दे, हजार विड्या वळल्या तर किती मिळतात ते मला माहितीय, जेवढे वाचले तेवढे बघ.

आता डिग्रीचं. चौथ्या वर्षी कॅम्पसला एका मोठ्या आयटी कंपनीची ऑफर लागली, पॅकेज साडेतीन लाखाच्या आतच. कॉलेजच्या फ्लेक्सवर फोटो, सोलापुरात पेढे. आणि २०२३ मध्ये जॉईनिंगच येईना. त्या वर्षी अनेक कंपन्यांनी पोरांना ऑफर देऊन बसवून ठेवलं होतं, माझ्यासारखे लई जण होते. सवलतीचं वर्ष नोकरी लागो न लागो सरतच असतं. मी तोवर नवी पेठेत एका टॅक्सवाल्याकडं डेटा एंट्री केली आणि शेवटी २०२४ च्या सुरुवातीला जॉईन झाले. हातात २४ हजाराच्या आसपास. पीजी, मेस, बसभाडं जाऊन जे उरतं त्यात हप्ता साडेपाच हजार. जमतं, पण हुतात्मा एक्सप्रेसनं दर शनिवारी घरी यायचं म्हटलं की नाही जमत.

(इन्कम टॅक्सच्या ८० ई कलमाचा पण लोक लई गवगवा करतात, व्याजावर आठ वर्षं टॅक्समध्ये सूट. ती जुन्या टॅक्स रिजीमलाच आहे आणि मुळात माझ्या पगारावर टॅक्सच बसत नाही, सूट कशातनं घेऊ?)

माझा चुलत भाऊ आयटीआय फिटर, तो माझ्या आधी तीन वर्षं कमवायला लागला आणि आजही आमच्या दोघांच्या हातात येणाऱ्या पैशात फार फरक नाही. मग डिग्री फुकट गेली का? मला नाही वाटत. त्याचा पगार ओव्हरटाईमवर वाढतो, माझा कंपनी बदलली की वाढेल अशी आशा आहे. पण हे मी म्हणू शकते कारण माझं कर्ज ३ लाख ३० हजारात आणि सबसिडीत बसलं. माझ्याच ऑफिसात माझ्याच पगाराची एक मुलगी आहे, मॅनेजमेंट कोट्यातनं शिकलेली, १२ लाखाचं कर्ज. पाटी तीच, पगार तोच. तिचा पगार निम्म्याहून जास्त हप्त्यात जातो, उरलेलं घरून येतं. तिला डिग्री परवडली का विचारलं तर ती हसते फक्त.

आता मामा मागं लागलेत. मामा एसटीत वाहक आहेत, त्यांच्या पोरीला सीईटीला बरे मार्क आहेत, पण एका खाजगी विद्यापीठाचं ब्रोशर घरात आलंय, चार वर्षांचे ११ लाख, एसी हॉस्टेल, स्विमिंग पूल. मी त्यांना कागदावर करून दाखवलं. सबसिडी नाही, कारण उत्पन्न साडेचार लाखाच्या वर. २०२४ ची नवीन पीएम विद्यालक्ष्मी, ज्यात ८ लाख उत्पन्नापर्यंत १० लाखाच्या कर्जावर सवलतीच्या काळात ३ टक्के व्याज सूट आहे, ती ठराविक संस्थांनाच, आणि या विद्यापीठाचं नाव यादीत नाही. साडेसात लाखाच्या वर म्हणून तारण पाहिजे आणि मामांची जागा गुंठेवारीची, ती बँक धरेना. समजा धरली, तरी कोर्स संपून वर्ष होईस्तोवर ११ चे पावणेपंधरा लाखाच्या वर जातात आणि दहा वर्षांच्या मुदतीला हप्ता साडेएकोणीस हजार. माझा पगार २४.

दुसरीकडं, २०२४-२५ पासून ८ लाखाच्या आतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना कॅपमधनं अॅडमिशन घेतलं तर ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. माझ्या वेळी हे नव्हतं, जरा जळते मी. सोलापुरातलंच कॉलेज कॅपमधनं लागलं तर घरून डबा नेऊन डिग्री होईल, कर्ज लागलंच तर किरकोळ.

मामा म्हणाले, 'ते बरोबर आहे गं, पण तिकडं प्लेसमेंट चांगलं म्हणतात.' मी म्हटलं प्लेसमेंट सेलकडनं मागच्या बॅचची यादी मागा, किती पोरं होती, किती लागली, आणि मधल्या पोराचा पगार किती. सगळ्यात मोठं पॅकेज नको, मधल्याचं. त्यांनी फोन केला. पलीकडनं उत्तर आलं, कॅम्पसला या, दाखवतो. आता रविवारी जाणार आहेत सगळे, मामी, पोरगी आणि मला पण चल म्हणतायत. जाते. यादी दाखवली तर बघू काय म्हणते ती.