तुम्ही विचारलंत म्हणून: प्रवासाची भीती गेली का?

लग्नात, बारशाला, सोसायटीच्या गेटवर, सगळीकडे एकच. "थेरपी घेतलीस ना, मग गेली का भीती?" नाही गेली. पण मी मुंबईला जाते, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे सांगून सांगून तोंड दुखलं माझं.

आणि अपघाताची भीती नाहीये हो. मधेच उतरता येणार नाही आणि नेमकं तेव्हाच धडधडायला लागलं, हात बधिर झाले तर, याची भीती. म्हणून तर घाट. कर्जतला मागे बँकर, म्हणजे गाडी ढकलायचं जादा इंजिन, लागला की लोणावळ्यापर्यंत नुसते बोगदे, आणि बाकीची जनता निवांत वडापाव खात असते.

थेरपिस्टने आधी काय केलं, तर मला खुर्चीत गरागरा फिरवलं आणि स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला, मुद्दाम धडधड आणायला. यासाठी पैसे मोजतेय मी? मग यादी, सोप्याकडून अवघडाकडे. आधी नुसतं प्लॅटफॉर्मवर बसायचं, मग लोणावळा लोकल, कारण तिच्यातून कुठेही उतरता येतं, आणि मग घाट, तोही पाण्याची बाटली, पर्समधली गोळी, भावाला फोन यातलं काहीही न वापरता. नाहीतर डोकं म्हणतं बाटली होती म्हणून वाचलो. इथपर्यंत पटलं. पण "रामरक्षा पण नाही" म्हणाली! आजीने शिकवलेली रामरक्षा म्हणे सेफ्टी बिहेवियर, म्हणजे बाटलीसारखाच आधार? जाम भांडले मी.

तर मुंबईहून येताना गाडी बोगद्यात थांबली. रेंज नाही, पंखे बंद, आणि मनातल्या मनात भीतीला आकडा द्यायचा होता शून्य ते शंभर, तो केव्हाच नव्वदच्या पुढे गेलेला, तोंडाला कोरड, आता आपण किंचाळणार आणि सगळा डबा बघणार असं वाटत होतं. समोरच्या काकू म्हणाल्या "बरं वाटत नाहीये का गं, पाणी घे." नको म्हटलं. त्या रागावल्याच बहुतेक. बसून राहिले, आणि गाडी तिथेच उभी असताना आकडा खाली यायला लागला, सत्तर, मग पन्नास. गाडी हलली नव्हती हो! इतकी वर्षं मी म्हणायचे की उतरल्याशिवाय हे थांबतच नाही.

आता खरं सांगते, मधे कधीतरी रामरक्षा सुरू झाली होती, आपोआप. थेरपिस्ट म्हणते तिच्याशिवायही आकडा उतरला असता. असेल. आजी असती तर वेगळं म्हणाली असती. आमचं अजून मिटलेलं नाही.

आणि हो, नागपूरच्या लग्नाला येतेय, ट्रेनने. विमानाचं विचारू नका, ते यादीत अजून बरंच पुढे आहे.