‘ह्यो दसऱ्याक थांबतलो’

मी मूळचा सोलापूर जिल्ह्यातला. आमच्याकडे अख्ख्या वर्षात जो ५०० ते ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तेवढा आंबोलीच्या घाटमाथ्यावर जुलैतल्या एखाद्या जोरकस आठवड्यात पडून जातो आणि त्याची कोणी फारशी दखलही घेत नाही. शिक्षक म्हणून माझी नेमणूक कोकणातल्या सावंतवाडी तालुक्यात झाली, तेव्हा इतक्या पावसात माणसे जगतात कशी, हा प्रश्न मला पडला होता. ती हसून जगतात, असे उत्तर मी आता देईन. पण हे हसू चटकन ओळखू येत नाही, कारण येथे विनोद करणारा माणूस स्वतः कधीच हसत नाही. देशावर आम्ही पावसाविषयी जपून बोलतो. एखादा शब्द वावगा गेला तर आलेला ढगसुद्धा परत फिरेल, अशी आमची धास्ती असते. येथे मात्र चार महिने मुक्काम ठोकून बसलेल्या जवळच्या पाहुण्याची करावी तशी पावसाची त्याच्या तोंडावर थट्टा चालते.

त्याला नावे ठेवण्याची सोय पंचांगानेच करून ठेवली आहे. सूर्य साधारण तेरा-चौदा दिवस एका नक्षत्रात असतो आणि मृगापासून हस्तापर्यंतची नक्षत्रे पावसाची. पुनर्वसूचा पाऊस तो तरणा, पुष्याचा तो म्हातारा. पुढे सासूचा येतो, सुनेचाही येतो. शिवाय प्रत्येक नक्षत्राला एक वाहन असते. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचे, आलेल्या संख्येला नवाने भागायचे आणि बाकी किती उरते त्यावरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव किंवा हत्ती ठरवायचा. बेडूक, म्हैस आणि हत्ती आले तर भरपूर पाऊस, कोल्हा किंवा मेंढा आला तर ओढ. हे गणित आमच्या गावाकडेही गंभीरपणे पाहिले जाते, कारण पेरणीचा निर्णय पुष्कळदा त्याच्या आधारावर होतो. येथे मात्र चहाच्या टपरीवर एका गृहस्थांनी यंदा या नक्षत्राचे वाहन कोल्हा असल्याचे वाचून दाखवले, तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या शेतकऱ्याने बशीतला चहा संपवून शांतपणे विचारले, “काल रातीक माझ्या खळ्यात जो पोवत होतो, तो कोल्होच काय?” पंचांग वाचणाऱ्यानेही चेहरा जराही न हलवता उत्तर दिले, “वाटेत वाहन बदलल्यान आसतला.” त्यावर कोणी हसले नाही. हसणारा मी एकटाच होतो, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

या मुलखात अनोळखी माणसांच्या भेटी घडतात त्या बहुतेक आडोशाला. एरवी जो माणूस नुसती मान हलवून पुढे गेला असता, त्याच्या शेजारी पाऊस आपल्याला वळचणीखाली अर्धा तास उभे करतो. पागोळ्या समोर गळत असतात, पायांवर तांबड्या चिखलाचे शिंतोडे उडत असतात आणि बोलण्यावाचून दुसरे काही करता येत नाही. आंबोलीचा धबधबा पाहायला निघालेली शहरातली मंडळी घाटाच्या पायथ्याशी दाणोलीत अशीच अडकतात. तेथे एका टपरीच्या पत्र्याखाली एका तरुणाने मोबाइलवर अंदाज पाहून पाहून कंटाळल्यावर शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारले, “आजोबा, हा पाऊस कधी थांबेल हो?” आजोबांनी बाहेर हात काढून पाण्याचा अंदाज घेतला, आकाशाकडे पाहिले, थोडा विचार केला आणि म्हणाले, “ह्यो? ह्यो दसऱ्याक थांबतलो. तवसर चाय घेवा.” त्यात टोमणा नव्हता. प्रश्न विचारला गेला होता आणि त्याला त्यांच्या परीने अचूक उत्तर मिळाले होते. मला तर त्या तरुणाच्या प्रश्नापेक्षा हे उत्तर अधिक शास्त्रीय वाटले, कारण नैर्ऋत्य मोसमी वारे महाराष्ट्रातून पूर्णपणे परततात ते साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, आणि दसराही पुष्कळदा त्याच सुमारास येतो.

हवामान विभागाच्या भाषेची मात्र येथे पुरती दैना होते. चोवीस तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला की तो सर्वांत वरच्या श्रेणीत जातो आणि अशा पावसाची शक्यता असली की तांबडा इशारा मिळतो. सतत दोन-तीन दिवस तांबडा इशारा लागू राहिल्यावर आमच्या शाळेच्या समितीतल्या एका सदस्यांनी मला अतिशय काळजीच्या सुरात सांगितले, “सर, लालाच्या पुढचो रंग काढूक व्हयो आता. ह्या रंगाक पावस भियेना झालो.” इशाऱ्यापाठोपाठ शाळांना सुट्टी जाहीर होते आणि सुट्टी जाहीर झालेल्या दिवशी लख्ख ऊन पडते, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे, की कपडे वाळवायचे असले तर बायका सुट्टीची वाट पाहतात. हे अतिशयोक्तीने लिहीत नाही. जुलैत पडवीतल्या दोरीवरचे जाड कापड पाच-पाच दिवस ओलेच असते आणि त्याला एक आंबूस वास येऊ लागतो. तेव्हा हवामानाच्या अंदाजापेक्षा सुट्टीचा आदेश भरवशाचा वाटला, तर नवल नाही.

शाळेतही पाऊस हे गैरहजेरीचे असे कारण आहे, की ज्याच्यावर उलटतपासणी चालत नाही. व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पाणी आले, साकवावरून पाणी गेले, की वाडीतली मुले येत नाहीत आणि त्यांनी येऊही नये. पण तिसरीतला एक मुलगा, ज्याच्या घरापासून शाळेपर्यंत ओलांडण्यासारखी एक घळसुद्धा नाही, तोही दुसऱ्या दिवशी मान खाली घालून म्हणाला, “सर, व्हाळाक पाणी इलेला.” तुझ्या वाटेवर व्हाळ कुठला, असे मी विचारले. त्याने क्षणभरही न अडखळता सांगितले, “आमच्या व्हाळाक नाय, मामाच्या व्हाळाक इलेला.” मामाचे गाव शेजारच्या दोडामार्ग तालुक्यात. मी हजेरीपटावर खूण केली आणि पुढचे नाव घेतले, कारण त्या उत्तराला तोड मला सुचली नाही.

पावसाळी पोशाखात माणूस ओळखू येत नाही, आणि येथल्या निम्म्या गमती त्यातून घडतात. एकदा रास्त भाव दुकानाच्या पडवीत आम्ही दहा-बारा जण पाऊस उतरण्याची वाट पाहत होतो. वाडीत तीन रात्री दिवे नव्हते. एक गृहस्थ वायरमनच्या नावाने इतक्या मोकळेपणाने बोलत होते, की त्यातले काही मला येथे लिहिता येणार नाही. शेजारी टोपीपासून गुडघ्यापर्यंत रेनकोटात गुंडाळलेला एक माणूस प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. “खरा आसा तुमचा,” तो म्हणाला, “तेका लाजच नाय.” स्वतःच्या पदरची एक-दोन विशेषणेही त्याने घातली. पाऊस थोडा ओसरल्यावर त्याने रेनकोटाखालच्या पिशवीतून पक्कड आणि रबरी हातमोजे बाहेर काढले, सर्वांना ‘येतंय हां’ म्हणून निरोप दिला आणि समोरच्या डीपीकडे चालू लागला. त्या गृहस्थांनी त्यानंतर फक्त तांदळाच्या भावाविषयी बोलणे पसंत केले.

याहून अवघड प्रसंग माझ्या एका सहकाऱ्यावर ओढवला. पहिला मोठा पाऊस झाला की नदीतले मासे अंडी घालण्यासाठी ओहोळांतून वर भातखाचरांत चढतात. या माशांना येथे वळगणीचे मासे म्हणतात. अंडी घालण्याच्या काळातच त्यांना पकडू नये, असे जाणकार सांगतात आणि ते मला पटते. पण मृगाच्या त्या रात्री सबंध गाव बॅटऱ्या घेऊन खाचरात उतरते, हेही खरे. आमच्या या सहकाऱ्याने सकाळी आमचे वरिष्ठ असलेल्या केंद्रप्रमुखांना फोन करून अंगात कणकण असल्याचे कळवले होते. रात्री गुडघाभर पाण्यात, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन तो उभा असताना, तशाच खोळीतला दुसरा माणूस बांधावरून आला आणि त्याने विचारले, “गावले काय?” याने उत्साहाने टोपली वर केली. बॅटरीचा उजेड टोपलीवरून चेहऱ्यावर आला, तेथे थोडा थांबला आणि खोळीतून आवाज आला, “तापाक माशांची कढी बरी पडता. उद्या मात्र येवा शाळेत.” केंद्रप्रमुखांच्या स्वतःच्या टोपलीत किती मासे होते, हे विचारण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

हे सगळे मी गावी फोनवर सांगतो, तेव्हा आई खळखळून हसते. वडील हसतात, पण शेवटी एकच वाक्य बोलतात: “थोडा इकडे पाठवून द्या.” ऑगस्टमध्ये तूर माना टाकत असताना ते वाक्य ऐकले, की मला पुढे बोलता येत नाही. कोकणातल्या माणसाला पावसाची थट्टा परवडते, कारण तो येणार याविषयी त्याच्या मनात शंका नसते.

छत्रीची हकीकत मात्र सांगायलाच हवी. श्रावणात एका घरी सत्यनारायणाची पूजा होती. पडवीत काळ्या छत्र्यांचा ढीग होता आणि निघताना माझी त्यात नव्हती. उरलेली जी मिळाली, तिच्या कापडावर पांढऱ्या ऑइलपेंटने एका दशावतारी नाट्य मंडळाचे नाव ठळक अक्षरांत रंगवलेले होते. ती घेऊन मी बाजारात निघालो, की ओळखीचे-अनोळखी सगळेच विचारू लागले. राजपार्ट करता की स्त्रीपार्ट? माझ्या देहयष्टीकडे पाहून एका आजींनी मी दशावतारातला राक्षस संकासूर असल्याचे परस्पर ठरवून टाकले. दशावताराचा हंगाम दिवाळीच्या सुमाराला सुरू होतो आणि पाऊस लागला की संपतो. पावसाळ्यात हेच राजे आणि राण्या शेतात लावणी करत असतात, एवढी माहिती मला त्या छत्रीमुळेच मिळाली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी सावंतवाडीच्या बाजारात माटवीचे, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या मांडवीचे, सामान घ्यायला गेलो. रस्त्याच्या कडेला कवंडळे, हरणे अशी रानातली फळे-फुले आणि आंब्याचे टाळे मांडून बसलेल्या एका उंच माणसाने माझ्या डोक्यावरची छत्री पाहिली आणि तो उठून उभा राहिला. त्याच्या हातात माझी छत्री होती. दशावतारी राजा रंगमंचावर बोलतो तशा खणखणीत, शुद्ध मराठीत तो म्हणाला, “गुरुवर्य, आपली वस्तू आपण स्वीकारावी आणि आमची आम्हांस परत द्यावी.” आजूबाजूची गिऱ्हाइके थांबून पाहू लागली. अदलाबदल यथासांग झाली. मग आवाज खाली आणून, कवंडळांची जुडी माझ्या पिशवीत टाकत तो म्हणाला, “सर, गळता ती. म्हयनोभर मी भिजलंय.”